हौसेला मोल असतं

"सर, कॅमेरा घ्यायचाय. लाखभर तरी लागतील ना?"

हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा येतो. विचारणारे बहुतेक माझे जुने विद्यार्थी असतात. कधी एखादा शिक्षक-मित्र, कधी आखातातून सुटीवर आलेला नात्यातला कुणी. यांतल्या कुणालाही लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या नसतात. कुणाला खाडीवरची सकाळ टिपायची असते, कुणाला दादीचा चेहरा, कुणाला धनेश पक्षी. म्हणजे निव्वळ हौस. मी 'एवढे कशाला?' म्हटलं की समोरचा माझ्याकडे संशयाने बघतो, जणू मी त्याला काही कमी प्रतीचं गळ्यात मारतोय.

हा 'लाखभर' आकडा त्यांच्या डोक्यात कुणी घातला? व्हिडिओ करणाऱ्यांनी आणि दुकानदारांनी. व्हिडिओवाल्याला कॅमेरा कंपनीकडून वापरायला मिळतो आणि खाली दिलेल्या दुव्यावरून कुणी खरेदी केली की त्याला कमिशन मिळतं. दुकानदाराचं तर पोटच त्यावर आहे, त्याला दोष देऊन काय उपयोग? पण दोघांचा उपदेश एकच असतो : घ्यायचा तर फुल फ्रेमच घ्या, नाहीतर दोन वर्षांनी पस्तावाल. वर आपल्या मराठीतली म्हण तयार असते, हौसेला मोल नसतं. विकणाऱ्याला ही म्हण फार आवडते. मी उर्दूही शिकवतो, मराठीही. उर्दूत जो शौक, तीच मराठीत हौस. पण दोन्ही भाषांत पगार महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात संपतो, आणि संपलेल्या पगाराला मोल असतं.

माझं म्हणणं सरळ आहे. हौशी माणसाने नवीन, महागडी बॉडी घेऊच नये. जुनी, वापरलेली बॉडी घ्यावी, तिच्यावर एक चांगली ठरावीक अंतराची लेन्स लावावी आणि उरलेला पैसा फोटो कागदावर छापण्यात घालावा. याला गरिबाची तडजोड समजू नका. शहाणपणाची खरेदी हीच आहे, आणि हिशेब मांडूनच मी हे म्हणतोय.

फुल फ्रेम म्हणजे ज्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा आहे असा कॅमेरा. जुन्या फिल्मच्या रोलवरची चौकट एवढीच असायची, तिथून हे माप आलं. त्याहून लहान आणि स्वस्त कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा असतो (कॅननचा किंचित आणखी लहान). क्षेत्रफळ काढा. मोठा सेन्सर लहानाच्या सुमारे २.४ पट भरतो, म्हणजे तेवढा जास्त प्रकाश गोळा करतो. अंधुक जागी फोटोत दाणे कमी दिसतात. हे सगळं खरं आहे, मी नाकारत नाही.

आता लेन्सकडे या. कॅमेऱ्याबरोबर जी १८-५५ लेन्स मिळते, तिला ५५ वर नेलं की तिचं तोंड जास्तीत जास्त एफ ५.६ एवढंच उघडतं. त्याच अंतराच्या आसपासची ५० मिलिमीटरची साधी लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. हा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं, आणि प्रकाश मोजायचा तर वर्ग करावा लागतो. ५.६ भागिले १.८, म्हणजे ३.१. त्याचा वर्ग ९.७. म्हणजे जवळजवळ दहापट प्रकाश. मगरिबनंतर घरात एका ट्यूबलाइटखाली जिथे किट लेन्सला ६४०० आयएसओ लागतो, तिथे हीच लेन्स ६५० च्या आसपास काम भागवते.

सेन्सर बदलून अडीचपटही मिळत नाही, लेन्स बदलून दहापट मिळतं. पहिल्याला लाख लागतात. दुसरी नवीकोरी घेतली तरी आठ-दहा हजारांच्या घरात येते, वापरलेली त्याहून कमीत. ज्याने लाख घालून फुल फ्रेम घेतली आणि पैसे संपले म्हणून तिच्यावर तसलीच ५.६ वाली झूम लावून ठेवली, त्याच्यापेक्षा जुन्या लहान सेन्सरवर १.८ लावणाऱ्या पोराच्या सेन्सरवर चौपट प्रकाश पडतो. असे लाखवाले मी कितीतरी पाहिलेत. घरात फोटो काढायचा म्हटलं की डोक्यावरचा फ्लॅश उडवतात आणि सगळ्यांचे चेहरे पासपोर्टवरच्यासारखे करून ठेवतात. फुल फ्रेमवर १.८ लावली तर आणखी चांगलं येईल, असं कुणी म्हणेल. येईल की. तोंड पूर्ण उघडलं की थोडाच भाग स्पष्ट येतो, डोळा स्पष्ट आणि कान धूसर, हेही खरं आहे. पण ते सवयीने जमतं आणि सवयीला हप्ता भरावा लागत नाही.

५० घ्यायची की ३५, हा प्रश्न मात्र आपल्या घरांच्या मापाचा आहे. व्हिडिओवाले '५० घ्या' सांगतात, कारण ते मोकळ्या स्टुडिओत उभे असतात. आपली खोली दहा बाय बाराची, त्यात एक पलंग, एक कपाट. लहान सेन्सरवर ५० ची लेन्स दहा फुटांवरून जेमतेम पावणेपाच फूट रुंदी पकडते. पाठ भिंतीला टेकली तरी दस्तरखानावरचे चार जण मावत नाहीत. ३५ ची लेन्स तिथूनच पावणेसात फूट पकडते. म्हणून घरातले, दुकानातले, कारखान्यातले फोटो काढायचे असतील तर ३५ घ्या. एकेका माणसाचा चेहरा काढायचा असेल तर ५०. पक्षी टिपायचे असतील तर हे दोन्ही बाजूला ठेवा आणि ३०० पर्यंत जाणारी झूम बघा. तिथे तर लहान सेन्सरच फायद्याचा, कारण ३०० ची लेन्स त्यावर ४५० सारखी जवळ आणते. फुल फ्रेमवाल्याला तेवढं जवळ जायला आणखी मोठी आणि आणखी महाग लेन्स लागते.

मेगापिक्सेलचं प्रकरण लवकर आटपतो. ए-४ कागदावर ३०० डीपीआयने उत्तम छपाई करायला पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात. मोबाइलचा फुल एचडी पडदा दोन मेगापिक्सेलचा. माझ्या जुन्या १२ मेगापिक्सेलच्या बॉडीवरून मी १२ बाय १८ इंचांचे फोटो छापून घेतलेत आणि त्यातले ठिपके आजवर कुणी मोजलेले नाहीत. चाळीस-पन्नास मेगापिक्सेल घेऊन शेवटी फोटो स्टेटसला टाकायचा, हा प्रकार म्हणजे डेगभर बिर्याणी शिजवून वाटीभर खाणं झालं.

"पण सर, डीएसएलआर आता मेला ना?" हा पुढचा प्रश्न. मेला नाही, त्याचं नवीन उत्पादन आटत चाललंय. निकॉन आणि कॅनन या दोघांनी २०१८ मध्ये बिन-आरशाच्या कॅमेऱ्यांसाठी नवी माउंट आणली, आणि त्यांचे शेवटचे मोठे डीएसएलआर २०२० मध्ये आले. बिन-आरशाचे नवे कॅमेरे माणसाचा डोळा शोधून त्यावर फोकस करतात, ती सोय चांगलीच आहे. पण कंपनीने नवीन काढणं थांबवलं म्हणून तुमच्या हातातला कॅमेरा फोटो काढायचं थांबवत नाही. उलट सगळे नव्याकडे धावतायत म्हणून जुने स्वस्तात बाहेर पडतायत. हौशी माणसासाठी हा हंगाम आहे. निकॉनची माउंट १९५९ पासूनची, कॅननची १९८७ पासूनची. एवढ्या वर्षांच्या लेन्सा बाजारात फिरतायत, आणि त्यांतल्या कितीतरी अडॅप्टर लावून नव्या बॉडीवरही चालतात.

वापरलेलं घ्यायचं म्हणजे डोळे उघडे ठेवून घ्यायचं. मुंबईत फोर्टला बोरा बाजारात वापरलेला माल मिळतो, मोठ्या शहरांत इतरत्रही मिळतो, आणि तुमच्या गावातला लग्नाचा फोटोग्राफर दर दोन-तीन वर्षांनी बॉडी बदलतोच. पण त्याच्याकडून घेताना पहिला प्रश्न शटर किती वेळा पडलंय हा. साध्या बॉडीचं शटर साधारण एक लाख फोटोंच्या हिशेबाने बनवलेलं असतं. एका लग्नात दोन-तीन हजार फोटो सहज निघतात, म्हणजे चार हंगामांत बॉडी थकलेली. हौशी माणूस वर्षाला पाच हजार काढेल. तेव्हा वीस-तीस हजारांवरची एखाद्या हौशाने कपाटात टाकून दिलेली बॉडी मिळाली तर सोनं समजा. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच सापडतो, कॅननमध्ये बऱ्याचदा वेगळं सॉफ्टवेअर लागतं. विकणारा 'कमीच वापरलाय' म्हणाला तर हसून पुन्हा आकडा विचारा.

मग एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढा. सेन्सरवर डाग असतील तर काळे ठिपके दिसतील. कार्ड घालायच्या खाचेतल्या सुया वाकलेल्या नाहीत ना, बॅटरी फुगलेली नाही ना, तेही बघा. निकॉन घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. डी-३००० आणि डी-५००० मालिकेतल्या स्वस्त बॉड्यांमध्ये फोकसची मोटर नसते. त्यांच्यावर जुनी एएफ-डी लेन्स लावली तर फोकस हाताने करत बसावं लागतं. एएफ-एस लेन्सच्या आत स्वतःची मोटर असते, ती चालते. डी-९० किंवा डी-७००० सारख्या बॉड्यांत मोटर आहे, त्यामुळे त्यांच्यावर दोन्ही चालतात. हे न सांगता लेन्स खपवणारे महाभाग आहेत.

आणि बुरशी. आम्ही कोकणात राहतो. जून ते सप्टेंबर भिंतींना घाम येतो, मिठाला पाणी सुटतं, पेटीतल्या शेरवानीला वास येतो. लेन्सच्या काचांमध्येही हेच होतं. हवेतला दमटपणा बराच काळ ६५-७० टक्क्यांवर राहिला की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे उगवतात, आणि जास्त दिवस राहिले तर काचेचा वरचा थर खाऊन टाकतात. मग साफ करूनही डाग जात नाही. म्हणून वापरलेली लेन्स घेताना मागच्या बाजूने मोबाइलची टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धूळ दिसली तर दुर्लक्ष करा, धागा दिसला तर नमस्कार करून परत द्या, कितीही स्वस्त असली तरी.

घरी आणल्यावर ती लोखंडी कपाटात, चामड्याच्या पिशवीत, कुलूप लावून ठेवू नका. आपल्याकडे मौल्यवान वस्तू अशाच ठेवतात आणि बुरशीला नेमकं हेच आवडतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि जमलं तर आर्द्रता दाखवणारं लहानसं यंत्र. काटा ४० ते ५० मध्ये राहिला की झालं. जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येतं. आणि दर जुम्याला लेन्स बाहेर काढून उजेड दाखवा, चार फोटो काढा. वापरात असलेल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

आखातातून येणाऱ्या कॅमेऱ्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण आमच्याकडे निम्मे कॅमेरे दुबई-कुवेतच्या बॅगेतूनच उतरतात. मामू विचारतात, "काय आणू?" भाचा सर्वांत महागाचं नाव सांगतो. मामूंना तिकडे काय उन्हात उभं राहावं लागतं ते भाच्याला ठाऊक नसतं, आणि मामू सांगत नाहीत. शिवाय वॉरंटी बऱ्याचदा त्या देशापुरतीच असते. इथे बिघडला की सर्व्हिस सेंटरवाला बिल बघून पूर्ण पैसे मागतो. मामूंना काही आणायला सांगायचंच असेल तर लेन्स सांगा, तीही वॉरंटीचं कार्ड वाचून.

आता हप्त्याकडे येतो, कारण मला खरा राग तिथे आहे. 'नो कॉस्ट ईएमआय' अशी पाटी लावून आमच्या पोरांना लाखाचा कॅमेरा विकला जातो. व्याज नाही म्हणतात, म्हणून आपली दीनदार माणसंही निश्चिंत होतात. अरे, बँक फुकट पैसे देईल का? रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. प्रत्यक्षात होतं काय? बँक व्याज लावतेच. दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट देऊन ते झाकते. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यात त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच नावावर पडतो. वर प्रोसेसिंग फी. आणि रोखीने घेतला असता तर जी सूट पदरात पडली असती, ती व्याज झाकण्यातच जाते. स्टेटमेंट नीट वाचा, व्याजाची ओळ तिथे छापलेली असते. हे जायज की नाजायज, हा मसला मुफ्तीसाहेबांना विचारा, मी शाळामास्तर आहे. मी एवढंच म्हणतो की छापलेलं व्याज 'नाही' म्हणून विकणं ही लबाडी आहे, आणि हौसेसाठी दीड वर्ष बँकेचं देणेकरी होणं हा वेडेपणा आहे.

दुसऱ्या बाजूने वडीलधाऱ्यांची फळी असते. त्यांचा एकच शब्द, इसराफ. उधळपट्टी. लाखाचा कॅमेरा हप्त्यावर घेणाऱ्याला हा शब्द लावा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण पंधरा-वीस हजारांत, स्वतःच्या कमाईतून कुणी दहा वर्षं टिकणारी वस्तू घेत असेल तर तो इसराफ कसा? त्याच घरात वलीम्याच्या मंडपाच्या झालरीवर याच्या चौपट जातात, तेव्हा हा शब्द कुणाला आठवत नाही. तसवीर काढणं जायज आहे का, यावर उलेमांत मतभेद आहेत हे मला माहीत आहे. पण हजच्या फॉर्मला फोटो चिकटवून देणाऱ्या, घरातल्या प्रत्येक लग्नाचा व्हिडिओ काढून घेणाऱ्या माणसाने हौशी पोराच्या एकट्या कॅमेऱ्यावर फतवा शोधू नये.

मी एवढा का चिडतो, तेही सांगतो. 'मुसलमान मोहल्ला' म्हणून वर्तमानपत्रांत येणारे फोटो आठवून बघा. ईदची रांग, गळाभेट, टोपी घातलेलं गोंडस मूल, बुरख्यातल्या बायकांच्या पाठी, नाहीतर बंदोबस्त. बाहेरचा फोटोग्राफर वर्षातून दोनदा येतो, त्याला दिसतं ते काढतो. त्याची चूक नाही. पण मालेगावच्या मागावर रात्रपाळी करणारा, भिवंडीत सूत गुंडाळणारी, मिरजेत सतार घडवणारा कारागीर, आमच्या बंदरावर पहाटे बर्फ फोडणारा पोरगा, तराजूसमोर बसलेली म्हातारी, उर्दू शाळेच्या फळ्यावरचा सुविचार, हे रोजचं जगणं कोण टिपणार? ज्याला ते रोज दिसतं तोच. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढले, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. असं काम एका दुपारी येऊन होत नाही, वस्तीत पुन्हा पुन्हा जावं लागतं. आमच्या मोहल्ल्यात तसं रोज वावरणारं पोर आहे, नजरही आहे, आणि ते पोर लाखभर जमायची वाट बघत बसलंय. तोवर दादी जाते.

या लाखाच्या भाकडकथेचं खरं नुकसान हे आहे. ज्याच्याकडे लाख आहेत त्याचं फार बिघडत नाही. तो घेतो, चार दिवस गळ्यात मिरवतो, ठेवून देतो. ज्याच्याकडे नाहीत त्याला वाटतं की हे आपलं कामच नाही.

होमाई व्यारावाला यांनी दिल्लीत रोलीफ्लेक्सवर काम केलं. त्या कॅमेऱ्याची लेन्स बदलता येत नाही आणि एका रोलमध्ये फोटो १२. आंरी कार्तिये-ब्रेसाँने आयुष्यातलं बहुतेक काम एका ५० च्या लेन्सवर केलं. आजचा कुठलाही जुना डिजिटल कॅमेरा अंधारात त्यांच्या फिल्मपेक्षा जास्त बघतो.

मोबाइल पुरेसा नाही का, असं विचारणाराही असतोच. उन्हात, लांबचं नको असेल, हलणारं नसेल, तर पुरतो. नजर तयार व्हायला तर उत्तमच, वर्षभर मोबाइलवरच काढा आणि मग ठरवा. पण त्यात प्रकाशाचा हिशेब बहुतेक वेळा मशीनच करतं आणि चेहरा परस्पर गुळगुळीत करून देतं. शिवाय मोबाइल हरवला, पडला, भरला की फोटो गेले. म्हणूनच छापा म्हणतो. चार बाय सहाचे महिन्याला वीस फोटो, मागे पेनने नाव, गाव, तारीख. हार्ड डिस्कपेक्षा बिस्किटाच्या डब्यातला फोटो जास्त वर्षं सापडतो.

राहिला प्रश्न पैशांचा, आणि तो सगळ्यांत जास्त अडतो मुलींपाशी. भावाला कॅमेरा मिळतो, बहिणीला 'तुला कशाला?' मिळतो. खरं तर घराच्या आतलं, बायकांच्या मैफलीतलं, मेंदीच्या रात्रीचं, स्वयंपाकघरातलं जग तीच टिपू शकते. तिथे ना मी जाऊ शकतो, ना वर्तमानपत्रवाला. अशा मुलींना मी भिशी सुचवतो. आपल्या आया-बहिणी वर्षानुवर्षं भिशी चालवतात. त्यात व्याज नाही, बँक नाही, कागद नाही. दहा जणींनी महिन्याला दोन हजार काढले की दर महिन्याला एकीच्या हातात वीस हजार येतात. त्यात वापरलेली बॉडी, ३५ किंवा ५० ची लेन्स, कार्ड आणि जास्तीची बॅटरी बसते, थोडी घासाघीस करावी लागते एवढंच. लेन्सा सगळ्यांनी एकाच कंपनीच्या घ्या, म्हणजे आपसांत बदलता येतील. आणि जिचा नंबर जून-जुलैत लागेल, तिने कॅमेऱ्याच्या आधी डबा आणि सिलिका जेल आणून ठेवावं.